मंगळवार कुठे लिहिलाय

मला त्या खुर्चीत बसवलं तेव्हा माझे हात ओले होते. कप विसळत होते आणि हाक आली, "मावशी, दोन मिनिटं या." गेले तर मोठ्या स्क्रीनसमोरची खुर्ची मागे ओढून ठेवलेली. पदराला हात पुसले, तरी माउसला ओल लागलीच. मागून कोणीतरी म्हणालं, शॉक बसेल हं मावशी. सगळे हसले. सहा जण होते मागे. मी वळून मोजले नाहीत, पण रोज कप सहाच मांडते, म्हणून मला माहीत आहे.

आमचं ऑफिस गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. लोकांना वेबसाइट बनवून देतात. मी झाडू-पोछा, चहा, पाणी आणि सकाळचं कुलूप बघते. एका भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. वेबसाइटवर कुठलं पान कुठे जाणार, कशाच्या खाली काय येणार, ते त्या चिठ्ठ्यांवर लिहितात आणि दिवसभर इकडून तिकडे हलवत बसतात. त्या भिंतीला हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एखादी चिठ्ठी खाली पडली तरी उचलून टेबलावर ठेवायची, चिकटवायची नाही.

त्या वेळी एका ट्रस्टच्या दवाखान्याची वेबसाइट चालली होती. पानं मांडायचं काम बघते ती ताई माझ्या शेजारी वाकून उभी राहिली. वयाने माझ्या मुलीएवढी, स्वभावाने बरी. तिने विचारलं, दवाखान्यात तुम्ही कोणाला नेता मावशी? मी म्हटलं, आईला न्यायचंय. ते खोटं नव्हतं. आई सटाण्याकडे भावाजवळ असते. उजव्या डोळ्याने तिला दिसायचं बंद झालं होतं, डाव्यातही मोतीबिंदू उतरला होता. सटाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता लांबवू नका, नाशिकला जा, ट्रस्टच्या दवाखान्यात फुकट होतं.

"मग समजा आईला इथे आणायचंय," ताई म्हणाली, "तर कुठल्या दिवशी आणायचं ते शोधा बरं."

मी शोधलं. वर इमारतीचा मोठा फोटो. त्याच्या खाली शाल घेतलेल्या माणसांचे फोटो, दोन रांगा. सगळ्यात वर बारीक अक्षरात शब्दांची ओळ. त्यात "संपर्क" दिसलं, म्हणून ते दाबलं. मला वाटलं फोन नंबर असेल, फोन करून विचारता येईल. तिथे रिकामे चौकोन आले आणि पहिल्याच चौकोनात ईमेल टाका म्हणे. मी विचारलं, इथे नंबर नाही का? हसले. मग "सेवा" दाबलं तर एक यादी खाली उघडली. त्यात डोळ्यांचं काहीतरी होतं, पण माउस तिथवर नेईपर्यंत यादी मिटून गेली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. तिसऱ्या वेळी तर मागे इतकं हसू झालं की मला समोरचं काही दिसेना. कान तापले. आईला सांगावंसं वाटलं की मला पण दिसत नाही गं.

आमचे सर मागेच उभे होते. ते म्हणाले, "असू दे. मावशी आपल्या युजर नाहीत."

आणि मला म्हणाले, जा मावशी, चहा टाका.

युजर म्हणजे वापरणारा, हे मी नंतर ताईला विचारून घेतलं. म्हणजे मी ते वापरणारी नाही. फुकट ऑपरेशनच्या दवाखान्याची वेबसाइट, आणि माझ्या आईसारखीला तिथे नेणारी मी, ती वापरणारी नाही. मग कोण आहे? ज्याची गाडी ऑफिसखाली लागते तो तिथे आईला नेणार आहे का? हे मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, आधीपासून येत नाही. चहात साखर जास्त पडली एवढंच झालं, आणि तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणून हे सगळं वहीत लिहिते आहे.

ती पानं अशी का झाली होती ते मला माहीत होतं, कारण बैठकांना चहा मीच देत होते. ट्रस्टचे लोक तीनदा आले. तिन्ही वेळा बोलणं फोटोंवर. एकाचं म्हणणं, मी संस्थापकांचा पुतण्या, माझा फोटो दुसऱ्या रांगेत कसा? दुसऱ्याचं म्हणणं, आमच्या वडिलांनी जागा दिली, ते हयात नसले तरी त्यांचा फोटो सगळ्यांच्या वर पाहिजे. तिसरे, म्हणजे अध्यक्ष, फार बोलत नव्हते, पण त्यांचं मनोगत दोन पानांचं होतं आणि ते पूर्ण घ्यायचं होतं. सर प्रत्येकाला म्हणायचे, हो हो, घेऊ ना. माझ्या समोर तरी तिन्ही बैठकांत कोणी विचारलं नाही की पेशंटला काय पाहिजे.

आमच्याकडे लग्नाची पत्रिका छापताना असंच होतं. आधी कुलदैवत, मग वारलेले आजोबा, मग काका, मामा, आत्याचे यजमान. एखाद्याचं नाव राहिलं तर तो मांडवात पाय ठेवत नाही. लग्न कुठे आणि किती वाजता, ते खाली कोपऱ्यात. पण पत्रिका द्यायला माणूस घरी येतो. चहा पिताना तोंडाने सांगतो, साडेबाराचं आहे, नाक्याच्या पुढचं लॉन्स, नक्की या. म्हणून पत्रिका कशीही असली तरी माणसं वेळेवर पोचतात. वेबसाइट द्यायला घरी कोणी येत नाही. ही एवढी गोष्ट त्या शिकलेल्या माणसांच्या डोक्यात आली नाही, आणि माझ्या आली तर मी ट्रे घेऊन बाहेर गेले.

वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. आता स्वतःचा राग येतो तो याचा, की मलाही बरं वाटलं होतं. मी भावाला फोन करून सांगितलं, आमच्याच ऑफिसने बनवलीय, त्यात बघा आणि आईला घेऊन या.

भाचीने मोबाईलवर बघितलं. बारावीला आहे, हुशार आहे. तिला डोळ्यांचं पान सापडलं सुद्धा. त्यावर डॉक्टरांची नावं होती, डिग्र्या होत्या, मशीनचा फोटो होता. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, सोमवार ते शनिवार, नऊ ते पाच. तिने तेच वाचून दाखवलं. ती वेळ डोळ्यांची नव्हती. दवाखान्याचं दार कधी उघडं असतं, ती होती, आणि ती प्रत्येक पानाच्या तळाशी सारखीच चिकटवलेली होती. भाचीची काय चूक? डोळ्यांच्या पानावर वेळ लिहिली असेल तर माणूस ती डोळ्यांचीच समजणार.

गुरुवारी पहाटेच्या गाडीने भाऊ आईला घेऊन निघाला. अकराच्या सुमाराला मला त्याचा फोन आला. मी सुट्टी मागितली नाही, नुसतं ताईला सांगून निघाले.

आई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. पिशवी मांडीवर, पिशवीवर दोन्ही हात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांकडे तोंड करून बसली होती, कारण पाय तेवढे तिला अंधुक दिसत असावेत. मी जवळ जाऊन हात धरला तेव्हा तिला मी कळले.

"आज डोयास्ना डाक्टर नही शे म्हने," ती म्हणाली. मग माझा हात चाचपत म्हणाली, "तू तठेच काम करस ना? मंग तुले माहित नही व्हतं का?"

ती रागावली नव्हती. साधं विचारत होती. तिच्या लेखी जिथे ते लिहिलं गेलं तिथेच तिची मुलगी कामाला होती, तर मुलीला माहीत असायला पाहिजे. आणि खरंच होतं ते. ज्या खुर्चीत बसून मला तो दिवस सापडला नव्हता, त्या खुर्चीखालची फरशी मी रोज पुसत होते. सापडत नाही हे मला माहीत होतं. तरी मी भावाला सांगितलं, त्यात बघा.

फाटकावर एक पुठ्ठा टांगलेला होता. खोक्याचं झाकण कापून सुतळीने बांधलेलं. त्यावर मार्करने लिहिलं होतं, "डोळे – फक्त मंगळवार. नंबर सकाळी ९ च्या आत." मी वॉचमनला विचारलं, हे कोणी लावलं? तो म्हणाला, मीच. लोक मोबाईल दाखवून भांडतात माझ्याशी ताई, सोमवार ते शनिवार लिहिलंय म्हणून. मी किती जणांना सांगणार? तो म्हणाला की कागदपत्रं पण लागतात, पण कोणती ते आत विचारा. आत खिडकीवरच्या बाईने मान वर न करता सांगितलं, वेबसाइटवर सगळं आहे.

भावाच्या शेतात कांदा काढणी चालली होती, तो दुपारच्या गाडीने परत गेला. आई माझ्याकडे राहिली, मंगळवारपर्यंत. आमची एकच खोली. ती भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जायची. चहाचा कप दिला की आधी बोट बुडवून बघायची किती भरलाय. मी ते बघायची आणि मला सरांचं वाक्य ऐकू यायचं.

शुक्रवारी मी ऑफिसात गेले ती ठरवून. चहा दिला आणि ताईच्या टेबलाजवळ उभी राहिले. म्हटलं, ताई, आईला मंगळवारी न्यायचंय, कोणती कागदपत्रं लागतील तेवढं बघून सांगता का? ती म्हणाली, हो, एक मिनिट.

तिने "सेवा" उघडलं. डोळ्यांचं पान उघडलं. वर गेली, खाली गेली. मग "आमच्याविषयी" बघितलं. मग "योजना". त्यात सरकारी योजनेची माहिती होती, कागदांचं नाही. शोधायचा चौकोन होता, त्यात "कागदपत्रे" लिहिलं तर अध्यक्षांचं मनोगत पुढे आलं. तिने शेजारच्याला हाक मारली. मजकूर चढवण्याचं काम त्याचंच. तो म्हणाला, टाकलंय ना आपण, पीडीएफमध्ये असेल. कुठल्या पीडीएफमध्ये, ते त्याला आठवेना. तिसरा उठून आला. असे तिघं त्या स्क्रीनसमोर वाकून उभे होते आणि मी त्यांच्या मागे उभी होते. मी हसले नाही. शेवटी "माध्यम कक्ष" नावाच्या पानात, बातम्यांच्या कात्रणांच्या खाली, "सूचना" म्हणून काही होतं, त्यात चौथा कागद. कागद तिरका स्कॅन केलेला. त्यात सगळं होतं. डोळ्यांची तपासणी फक्त मंगळवारी. नऊच्या आत नंबर. आधार कार्ड, रेशन कार्डाची मूळ प्रत, सोबत एक नातेवाईक.

ताईचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "म्हणजे ताई, तुम्हीपण युजर नाही."

मी असं कोणाला कधी बोलले नव्हते. बोलले आणि पॅन्ट्रीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

ताई मागून आली. तिच्या हातात चिठ्ठ्यांचा पिवळा गठ्ठा होता. म्हणाली, मावशी, आईला न्यायच्या आधी तुम्हाला काय काय माहीत पाहिजे होतं ते लिहून द्या, एका चिठ्ठीवर एकच. मी ओट्यावर ठेवून लिहिलं. कोणता दिवस. किती वाजेच्या आत. कागद कोणते. झेरॉक्स चालेल का. पैसे लागतील का. सोबत कोण पाहिजे. एसटीतून उतरून कसं जायचं. माझं अक्षर मोठं आहे, एका चिठ्ठीवर तेवढंच मावतं.

तिने मला भिंतीजवळ नेलं आणि म्हणाली, लावा. मी लावेना, तर तिनेच फोटोंच्या चिठ्ठ्या काढून खाली नेल्या आणि वरची जागा मोकळी केली. मग मी लावल्या. लहानपणी आईबरोबर मी खळ्यावर कांदा निवडायला जायची. तिथे कांदा कोणाच्या शेतातला, हे निवडताना कोणी विचारत नाही. तो जाणार कुठे ते बघून ढीग पडतात. मोठा, एकसारखा बाहेरगावी. मधला बाजारात. बारीक गोल्टी हॉटेलवाल्याला. नासका वेगळा, नाहीतर सगळ्याला लागतो. इथे या लोकांनी सगळे ढीग मालकांच्या नावाने लावले होते. हा विभाग अमक्याचा, ते पान तमक्याचं. घ्यायला आलेल्या माणसाने कुठे हात घालायचा?

रेशन कार्ड गावी ट्रंकेत होतं. भावाने ते ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं आणि सोमवारी कामावर जायच्या आधी मी स्टँडवरून घेतलं. हातात पडेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता.

त्याच सोमवारी ट्रस्टचे सेक्रेटरी ऑफिसात आले. भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं, हे कोणाचं अक्षर? सर म्हणाले, "आमचा रिसर्च आहे हा, सर. प्रत्यक्ष युजरशी बोलून केलेला."

माझ्या हातात ट्रे होता. मी कप मांडायला लागले.

सेक्रेटरींना ते पटलं नाही. दिवस-वार वर आणि अध्यक्षांचं मनोगत खाली, हे बरं दिसणार नाही, म्हणाले, नोटीस बोर्ड वाटेल. सर लगेच हो म्हणाले. ताई काहीतरी बोलायला गेली तर सरांनी हाताने थांबवलं.

तेव्हा मी बोलले. मोठ्याने नाही. त्यांच्यापुढे कप ठेवता ठेवता बोलले. "साहेब, माझी आई गुरुवारी येऊन गेली. पायरीवर बसली होती. तिला दिसत नाही."

माणूस वाईट नव्हता. खरंच हळहळला. "अहो, मग आधी फोन करायचा ना आम्हाला."

"नंबर कुठे आहे?" मी विचारलं.

सेक्रेटरींनी चहा घेतला. मग त्यांनीच तोड काढली की सगळ्यात वर एक सरकती पट्टी टाका, त्यात तुमचं ते मंगळवार वगैरे जाऊ द्या, फोटो तिथेच राहतील. सर म्हणाले, बेस्ट. संध्याकाळपर्यंत पट्टी सुरू झाली. मी स्क्रीनसमोर उभी राहून वाचायचा प्रयत्न केला. "डोळ्यांची" वाचून होईपर्यंत "मंगळवारी" निघून जायचं. पट्टी उजवीकडून यायची आणि डावीकडे पळायची, गाडी सुटल्यासारखी. मी ताईला म्हटलं, ही तर पायरीवर बसलेल्या आईसमोरून पण पळून जाईल.

मंगळवारी आम्हाला नंबर मिळाला. आठ वाजताच जाऊन बसलो होतो. रेशन कार्ड दाखवलं, शिक्का पडला. आमच्या पुढे पेठकडून आलेला एक म्हातारा होता, सोबत सून. त्यांच्याकडे झेरॉक्स होती. परत पाठवलं. सून खिडकीशी विनवत होती, आम्ही मोबाईलवर बघूनच आलोय. आतली बाई म्हणाली, वेबसाइटवर सगळं आहे. मला रडू आलं नाही, संताप आला. आईला नंबर मिळाला तो मी त्या ऑफिसात फरशी पुसते म्हणून. सगळ्यांच्या मुली तिथे फरशी पुसत नाहीत.

बुधवारी ऑफिसात मी चहा द्यायच्या आधी ताईला त्या सुनेचं सांगितलं. तिने ऐकलं आणि कोणाला न विचारता पट्टी थांबवली. ओळ जागच्या जागी उभी केली, अक्षर मोठं केलं, खाली रेशन कार्डाचं लिहिलं, फोन नंबर टाकला. फोटो बोटभर खाली सरकले. ट्रस्टमधून अजून एकाचीही तक्रार आलेली नाही. माझा अंदाज आहे की ते उघडतात, स्वतःचा फोटो आहे ना एवढं बघतात आणि बंद करतात.

पुढच्या आठवड्यात आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर तिने आधी माझं तोंड बघितलं, म्हणाली वाळलीस. मग तिला बघायला आलेल्या भाचीच्या मोबाईलवर तिला ते पान दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिने ओळीकडे बघितलंच नाही, फोटोंवर बोट ठेवून विचारलं, "ह्या कोन शेतस?" मी म्हटलं, दवाखान्याचे मालक. ती बराच वेळ एकेकाचं तोंड बघत राहिली.

तपासणीला गेलो त्या दिवशी पुन्हा मंगळवार होता. फाटकावरचा पुठ्ठा तिथेच होता, उन्हाने अक्षरं फिकी पडलेली. मी वॉचमनला सांगितलं, आता मोबाईलवर नीट लिहिलंय दादा, हे काढलं तरी चालेल. तो म्हणाला, राहू द्या ताई. मोबाईलवर परत कोणाचा फोटो चढेल, सांगता येत नाही. माझ्या पुठ्ठ्यावर मी कोणाला चढू देत नाही.

त्याच्याकडून मार्कर मागून घेतला. आईला पायरीवर बसवलं आणि अक्षरं गिरवायला लागले. खाली जागा होती, तिथे लिहिलं, "रेशन कार्ड – मूळ. झेरॉक्स चालत नाही." मागे माणसं जमली होती. मला त्यांचे श्वास ऐकू येत होते, आणि हात थोडा कापतही होता, पण अक्षर मोठं असलं की कापलेलं दिसत नाही.

मागून एका बाईने विचारलं, "ताई, कानाचं कधी असतं?"

मला कानाचं माहीत नव्हतं. वॉचमनला विचारलं आणि तेही लिहिलं.